टोड लेनचे दुकान

वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की तो मजुरीवाढ, बोनस आणि महागाई भत्ता यांवरच बोलणार, असे मंडळींनी धरून ठेवलेले असते. आज मी पगार घरात कसा येतो याविषयी बोलणार नाही. तो घरातून बाहेर कसा जातो, याविषयी बोलणार आहे. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांत मी गेली तीस वर्षे काम करतो आहे. मीटरमागे चार पैसे वाढवून घेण्यासाठी आम्ही महिनामहिना भांडतो, आणि ते चार पैसे शनिवारच्या एका बाजारफेरीत दुकानदाराच्या गल्ल्यात जाऊन पडतात. आमच्या ठरावांत त्याबद्दल अवाक्षर नसते. पैसा मिळवताना माणूस जागा असतो आणि खर्च करताना झोपेत असतो, असा काहीसा हा प्रकार आहे.

हल्ली 'शाश्वत राहणी' असा एक शब्द फार ऐकू येतो. कापडी पिशवी घेऊन जा, गरजेपुरतेच घ्या, जवळचे घ्या, सुटे घ्या, टिकेल ते घ्या, असा तो उपदेश असतो. उपदेश चांगला आहे. आमच्या आजीने तो ऐकला असता तर हे सांगण्यासाठी व्याख्याता कशाला बोलावला, असे तिने विचारले असते, ती गोष्ट वेगळी. माझी अडचण निराळी आहे. हा सगळा उपदेश निवड करू शकणाऱ्या गिऱ्हाइकाला उद्देशून केलेला असतो. ज्याचे नाव दुकानदाराच्या वहीत उधारीच्या पानावर चढले आहे, त्याला निवड कसली? तो देईल तो तांदूळ, तो सांगेल तो भाव, आणि ज्या पुडीत तो बांधून देईल ती पुडी. तेव्हा गरीब गिऱ्हाइकाच्या हाती निवड प्रथम आली कशी, हे पाहिल्याशिवाय पुढचे बोलणे फोल आहे. त्यासाठी तुम्हांला एका परक्या गावात घेऊन जातो. गाव परके, पण तेही आमच्यासारखे कापडाचेच.

मँचेस्टरच्या उत्तरेस, पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी रॉचडेल नावाचे गाव आहे. तेथे फ्लॅनेल, म्हणजे लोकरीचे मऊ कापड विणीत. हातमागावर पोट भरणाऱ्या पिढ्या तेथे नांदल्या होत्या, आणि यंत्रमाग आल्यावर त्यांची मजुरी उतरत उतरत पोटापेक्षा लहान झाली. १८४० नंतरच्या दहा वर्षांना इंग्रज लोक 'भुकेची चाळिशी' म्हणतात. १८४३ च्या अखेरीस फ्लॅनेलला जरा बरे दिवस आले, तेव्हा विणकरांनी मालकांकडे मजुरीवाढ मागितली. शिष्टमंडळे गेली, बोलणी झाली, संपाचीही भाषा झाली. मागणी फसली. येथपर्यंतची हकीकत आमच्या गावच्या कोणत्याही वर्षाची म्हणून खपून जाईल. फरक पुढे आहे.

त्या काळी इंग्लंडातला कामगार काय खात होता, हे आधी सांगितले पाहिजे. १८२० साली फ्रेडरिक अक्कुम नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये अन्नातील भेसळीवर एक पुस्तक काढले. पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून पिठात तुरटी, चीजला रंग यावा म्हणून शेंदूर, लोणचे हिरवेगार दिसावे म्हणून तांब्याचे क्षार, चहात दुसऱ्याच झाडांची वाळवलेली पाने, मिऱ्यात कोठीतला केर असे एकेक त्याने प्रयोगाने दाखवून दिले, आणि लबाडांची नावेही छापली. पुस्तक हातोहात खपले. पण थोड्याच दिवसांत हा गृहस्थ एका संस्थेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची पाने फाडतो असा आरोप त्याच्यावर आला, आणि तो देश सोडून जर्मनीला निघून गेला. पाने त्याने फाडली असतील वा नसतील, पिठातली तुरटी मात्र जागच्या जागी राहिली. पुढे १८५१ पासून डॉ. आर्थर हॅसल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जिन्नस धरून 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात भेसळीचा पाढा वाचला. तरीही कायदा हलेना. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावी गोळ्या करणाऱ्या एकाला साखर वाचवण्यासाठी तिच्यात मिसळायला प्लास्टरची भुकटी हवी होती. औषधाच्या दुकानातल्या नोकराने चुकून सोमल दिला. सुमारे २० माणसे मेली, २०० वर आजारी पडली. ध्यानात घ्या, चूक सोमलाची झाली, प्लास्टरची नव्हे. प्लास्टर घालणे हा रोजचा व्यवहार होता. भेसळीविरुद्धचा पहिला लेचापेचा कायदा १८६० साली आला, आणि दात असलेला कायदा १८७५ साली.

ही भेसळ कोणाच्या ताटात पडे? जो रोख देऊन चार दुकाने फिरू शकतो त्याच्या ताटात कमी, आणि जो उधारीने बांधलेला आहे त्याच्या ताटात सगळी. शिवाय कित्येक गिरणीमालकांची स्वतःचीच दुकाने असत. मजुरीचा काही भाग त्या दुकानच्या मालाच्या रूपाने मिळे. १८३१ च्या कायद्याने या पद्धतीला बंदी केली, पण कायद्याला पळवाटा होत्या. आमच्याकडे उचल देऊन कामगाराला बांधून ठेवतात. ती आणि ही, दोघी सख्ख्या बहिणीच.

तर अशा रॉचडेलमध्ये काही माणसे एकत्र बसली. परंपरेने त्यांची संख्या २८ सांगतात. ते सगळेच विणकर होते असे मात्र नव्हे. त्यांत चांभार होता, सुतार होता. कोणी चार्टिस्ट चळवळीतला, कोणी रॉबर्ट ओवेनच्या विचारांचा. चार्ल्स हॉवर्थ, जेम्स स्मिथिज, विल्यम कूपर, सॅम्युअल ॲशवर्थ ही त्यांतली काही नावे. माणशी एक पौंड भांडवल घालायचे ठरले, आणि ते आठवड्याला दोन-दोन पेनीने गोळा करायला सुरुवात झाली. एका पौंडाचे त्या वेळी २४० पेनी होत. म्हणजे हे काम किती चिकाटीचे, हे तुम्हीच मनात मांडून पाहा. पुढे हप्ता तीन पेनी केला. अखेर २८ पौंड जमले. १८४४ च्या ऑक्टोबरात संस्थेची नोंदणी झाली आणि टोड लेन नावाच्या गल्लीत ३१ क्रमांकाच्या वखारवजा इमारतीचा तळमजला वर्षाला १० पौंड भाड्याने घेतला. भाडे, फळ्या, तराजू जाऊन मालासाठी साडेसोळा पौंड उरले. त्या पैशात आलेला माल असा: २८ पौंड लोणी, ५६ पौंड साखर, ६ हंड्रेडवेट पीठ, ओटच्या भरडीचे एक पोते आणि थोड्या मेणबत्त्या. आजच्या मापाने बोलायचे तर पावणेतेरा किलो लोणी, पंचवीस किलो साखर आणि तीनशे किलो पीठ. आमच्याकडे लग्नघरी याहून जास्त माल येऊन पडतो.

२१ डिसेंबर १८४४, शनिवार. संध्याकाळी दुकान उघडायचे होते. जॉर्ज जेकब होलिओक यांनी पुढे या मंडळींचा जो इतिहास लिहिला, त्यात या संध्याकाळचे वर्णन आहे. दाराच्या फळ्या काढायला आत कोणी धजेना. बाहेर गिरणीतली पोरे जमून टिंगल करीत होती. शेवटी एकाने धीर करून फळ्या काढल्या, आणि आतल्या त्या चार पोत्यांकडे पाहून गल्लीभर हशा पिकला. मी स्वतः दुकानाच्या फळ्या काढलेल्या आहेत, त्यामुळे हे वाचताना मला हसू आले नाही. ते पुढे सांगतो.

या दुकानाचे नियम पुष्कळ ठिकाणी छापलेले सापडतात. त्यांतले मला महत्त्वाचे वाटतात तेवढेच सांगतो. माल शुद्ध आणि माप पुरे. भाव बाजाराचाच, उगीच पाडून विकायचे नाही. सभेत माणशी एक मत. ज्याचे शंभर भाग त्यालाही एकच, आणि बाईलाही तेच. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क इंग्लंडच्या कायद्याने १८८२ साली दिला. त्याच्या कितीतरी आधी टोड लेनच्या सभासद बायका आपापल्या मताने हात वर करीत होत्या. मग खरी मख्खी येते. वाढावा भांडवलावर वाटायचा नाही. भांडवलाला ठरलेले व्याज द्यायचे, आणि उरलेला वाढावा ज्याने जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणात त्याला परत करायचा. पुढे पुढे हा परतावा पौंडाला दोन-अडीच शिलिंगांपर्यंत गेला, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा.

आणि उधारी नाही. कोणालाही नाही, कधीही नाही.

हा नियम त्यांनी पुस्तकात वाचून केला नव्हता. त्याच टोड लेनमध्ये १८३३ साली एक सहकारी दुकान निघाले होते आणि १८३५ मध्ये ते बुडाले. बुडाले ते उधारीने. नव्या संस्थेतल्या काहींचे हात त्यात पोळलेले होते.

पहिल्या वर्षाअखेर सभासद ७४ झाले. १८५० साली ६००. १८६० साली ३,४५०. वाढाव्यातला शेकडा अडीच हिस्सा १८५० नंतरच्या दशकात शिक्षणासाठी वेगळा काढू लागले. त्यातून दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाचनालय झाले, वर्तमानपत्रे येऊ लागली. गिरणीत बारा तास उभा राहिलेला माणूस संध्याकाळी पीठ घ्यायला येई आणि वर जाऊन वर्तमानपत्र वाचून घरी जाई. मी सातवीत शाळा सोडली. माझे पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा या शेकडा अडीच हिश्शाबद्दल मला काय वाटत असेल, ते मी सांगायला नको.

आता एक मौजेची गोष्ट. शुद्ध मालाचे दुकान काढले की लोक धावत येतील, असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. सहकारी मंडळ्यांनी पुढे स्वतःच्या पिठाच्या गिरण्या काढल्या. रॉचडेलची १८५० सालची. अशा गिरण्यांतले बिनतुरटीचे पीठ जरा काळपट येई, आणि सभासदच तक्रार करीत की हे पीठ पांढरे का नाही? दोन पिढ्यांनी तुरटीचा पाव खाल्ला होता. त्यांना शुद्ध पीठ म्हणजेच भेसळीचे वाटू लागले. पांढरेपणा म्हणजे चांगुलपणा, ही समजूत ज्याने माल विकला त्यानेच गिऱ्हाइकाच्या डोक्यात भरलेली होती, आणि ती काढायला गिरणी बांधण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. आपल्याकडे गुळाचे तसेच झालेले आहे. कोल्हापूरचा चांगला गूळ काळसर-तांबडा असतो. पण बाजारात पिवळाधमक मागतात, आणि तो पिवळा करण्यासाठी त्यात काय काय घालतात हे गुऱ्हाळावर काम केलेल्याला विचारा. टिकाऊ राहणीचे बोलणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. गिऱ्हाइकाची आवड ही त्याची एकट्याची नसते. ती घडवलेली असते, आणि म्हणून ती बदलायला नुसती पाटी लावून भागत नाही. कोणीतरी रोज काउंटरमागे उभे राहून सांगावे लागते.

रॉचडेलची मंडळी देव नव्हती. १८५४ साली त्यांनी कापडाची सहकारी गिरणी काढली, आणि तिच्या नफ्यात तिथल्या कामगारांनाही वाटा ठेवला. गिरणी चालली, चालली म्हणताच बाहेरचे भागीदार आत आले. १८६२ साली बहुमताने ठरले की कामगाराचा वाटा बंद. माणशी एक मत होते, शुद्ध माप होते, सगळे होते. आणि तरी भागीदार झालेल्या माणसांनी मागावरच्या माणसाचा हिस्सा कापला. त्यांत कितीतरी जण स्वतः कामगार होते. कामगार संघटनेच्या माणसाला हे पान उलटता येत नाही. दुकानात तो गिऱ्हाईक म्हणून सज्जन, आणि भागीदार म्हणून मालकाचाच भाऊ. सहकाराच्या भाषणांतून हे पान बहुधा गाळतात, म्हणून मी मुद्दाम वाचले.

त्याच सुमारास लँकेशायरवर कापसाचा दुष्काळ कोसळला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडचा कापूस यायचा थांबला, आणि गिरण्या बंद पडू लागल्या. येथे आपला संबंध येतो. अमेरिकन कापसाच्या जागी आपल्या खानदेश-वऱ्हाडाचा आणि गुजरातचा कापूस गेला. तो आखूड धाग्याचा. तिकडे त्या सगळ्याला सरसकट 'सुरत' म्हणत. तो मागावर सारखा तुटे, आणि विणकरांची मजुरी बुडे. देवा कापूस दे, पण सुरत नको, अशी प्रार्थना तिथला एक कामगार करीत असे, अशी आख्यायिका आहे. इकडे मुंबईत त्याच कापसाने सोन्याचा धूर निघाला आणि १८६५ साली युद्ध संपताच फुगा फुटला. तिकडच्या मजुराचा तुटलेला धागा आणि इकडचा सट्टा ही एकाच गाठीची दोन टोके होती.

तो दुष्काळ टोड लेनच्या दुकानाने कसा काढला? १८६२ मध्ये सभासद घटले, पण दुकान बुडाले नाही. त्याचे मर्म मला फार उशिरा उमगले. सभासद आपला परतावा दर वेळी हातात घेत नसत. तो संस्थेतच जमा राहू देत. रोख देऊन घेतलेल्या पिठाच्या प्रत्येक पौंडामागे घरची एक लहानशी ठेव नकळत वाढत होती. वाईट दिवस आले तेव्हा त्यांनी उधार मागितले नाही, ठेव काढली. दुष्काळाच्या ऐन मध्यात, १८६३ साली, उत्तर इंग्लंडमधल्या सहकारी दुकानांनी मिळून मँचेस्टरला स्वतःची घाऊक संस्था काढली.

आपल्याकडे ही कल्पना कशी आली ते थोडक्यात सांगतो. १९०४ साली सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. त्याच साली मद्रासमध्ये ट्रिप्लिकेन येथे रॉचडेलच्या धर्तीवर गिऱ्हाइकांचे सहकारी दुकान निघाले. आणि योगायोग असा की त्याच १९०४ साली आमच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. यंत्रमाग वाढले, दुकान काही वाढले नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या घरखर्चाची पाहणी १९२१-२२ मध्ये सरकारी कामगार कचेरीने केली, तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात सापडली. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर परिचयाचा होता. म्हणजे वर्षाला शेकडा ७५. त्याच गिरणगावात, नायगावला, १९४८ साली कामगारांचे ग्राहक सहकारी मंडळ उभे राहिले; त्यालाच पुढे सगळे 'अपना बाजार' म्हणून ओळखू लागले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी केंद्र सरकारने गावोगाव ग्राहक भांडारे काढवली. त्यांतली पुष्कळशी सरकारी साखरेच्या आणि रॉकेलच्या आधाराने जगली, आणि तो आधार सुटताच आटली. महाराष्ट्राचा सहकार उसावर पोसला, दुधावर पोसला. पिठामिठाच्या सहकाराला येथे कधी फारसे कोणी विचारले नाही, असे माझे मत आहे. आमच्या जिल्ह्यातला वारणा बाजार हा अपवाद धरा.

आता आमच्या दुकानाची हकीकत. १९९९ च्या गुढीपाडव्याला आमच्या युनियनने कचेरीशेजारी एक गाळा घेऊन भांडार सुरू केले. होलिओकचे पुस्तक मी त्याआधी दोन पावसाळे कोश हाताशी घेऊन वाचले होते, आणि अंगात वारे भरले होते. २१२ सभासद, प्रत्येकी पाचशे रुपये. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, मीठ, साबण. पोती सुटी, पिशव्या आपापल्या आणायच्या. भिंतीवर मी स्वतः रंगाने लिहिले होते: उधार मिळणार नाही.

आमच्यात कांड्या भरणाऱ्या एक मावशी होत्या. दुकान उघडल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्या आल्या, पाटी वाचून घेतली आणि म्हणाल्या, "दादा, दुकान आपलं हाय म्हणता, आन् आपल्याच दुकानात आपल्याला उधार न्हाई? मग त्यो वाणी काय वाईट हुता?"

मी रॉचडेल सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि रिकामी पिशवी घेऊन त्या वाण्याकडे गेल्या.

दीड वर्ष आम्ही पाटी पाळली. मग २००० च्या दिवाळीनंतर संप झाला आणि तो सात आठवडे चालला. तिसऱ्या आठवड्यात बायका दुकानासमोर येऊन बसल्या. आत ज्वारीची पोती होती. त्यांच्याच पैशांनी आणलेली. मी चिठ्ठीवर सही केली. पहिली सही मावशींच्या चिठ्ठीवर. संप बरोबरीत सुटला, पण दुकान सुटले नाही. उधारी ९४ हजारांवर गेली होती, घाऊक व्यापाऱ्याने माल थांबवला, आणि २००१ च्या उन्हाळ्यात आम्ही फळ्या लावल्या. काहींनी पुढे वर्षानुवर्षे दहा-वीस रुपयांनी पैसे आणून दिले. बहुतेकांना ते शक्य नव्हते.

ती सही चूक होती काय? रॉचडेलच्या नियमाने चूक. हा प्रश्न मला मंडळींनी अनेकदा विचारला आहे आणि मी स्वतःलाही विचारला आहे. उपाशी बाई समोर बसली असता नियमाची पाटी दाखवणे मला आजही जमणार नाही. पण चूक त्या दिवसाची नव्हतीच. ती दीड वर्षे आधीची होती. परतावा आम्ही दर तिमाहीला हातात वाटून टाकला. लोकांना दुकानाचा फायदा दिसावा, म्हणून. तो जमा ठेवला असता तर तिसऱ्या आठवड्यात मावशींनी चिठ्ठी मागितली नसती, पासबुक पुढे केले असते. मी होलिओकचे पुस्तक वाचले होते, पण कापसाच्या दुष्काळाचे पान मजुरीच्या दृष्टीने वाचले. दुकानाच्या दृष्टीने वाचले नव्हते.

त्यानंतरची वीस वर्षे आमच्या वस्तीत पुड्यांची आहेत. टपरीवर तोरणासारख्या लोंबतात: शांपू, चहा, मसाला, साबणाची भुकटी. पुडी नेहमीच महाग पडते असे नव्हे. शांपूची पुडी कधी कधी बाटलीहून स्वस्त पडते, हे मी हिशेब करून पाहिले आहे. जिच्या हाती रोज फक्त त्या दिवसाचे पैसे येतात, तिला पुडीच परवडते. पण महिन्याकाठी एका चाळीतून किती चकचकीत कागद गटारात जातो, आणि पहिल्या पावसात तेच गटार कोणाच्या उंबऱ्यावर चढते? २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली तेव्हा गटारे तुंबण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचाही हात होता. २०१८ साली सरकारने अशा पिशव्यांवर बंदी घातली. बंदीने हातगाडीवाला दंडाला भिऊ लागला. कारखान्यातून येणारी तयार पुडी मात्र टपरीवर लोंबतच राहिली. गरिबाला पुडी सोडा म्हणून सांगणे सोपे आहे. त्याच्या हाती महिन्याचे पैसे एकदम येतील, किंवा दहा घरांचे पैसे मिळून एक पोते येईल, तेव्हाच पुडी सुटेल.

दहा घरे मिळून पोते, ही कल्पना माझी नव्हे. मुंबईत १९७५ साली बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायत काढली. तिने दुकान काढण्याच्या फंदात न पडता एकत्र खरेदीची पद्धत बसवली. शेजारपाजारच्या दहा-बारा कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याच्या महिन्याला यादी आणि पैसे आगाऊ द्यायचे, माल एका घरी उतरायचा आणि सभासदांनीच मोजून वाटून घ्यायचा. दुकान नाही, म्हणून भाडे नाही. पैसे आगाऊ, म्हणून उधारीचा प्रश्नच नाही. आणि यादी आधी लिहायची, म्हणून दुकानात उभे राहून डोळ्यांना दिसले ते उचलले, असे होत नाही. मध्यमवर्गाच्या पगारी घरांना ही पद्धत चांगली मानवली. आठवड्याला मजुरी मिळणाऱ्या घरांना ती जशीच्या तशी बसत नाही, कारण महिन्याचे पैसे आगाऊ टाकायचे कोठून?

गेल्या जूनपासून आम्ही ती आठवड्यावर आणून पाहतो आहोत. दर शनिवारी मजुरी होते, तेव्हा घरामागे पन्नास रुपये कचेरीत जमा करायचे. चार आठवड्यांनी यादी करायची, बाजारसमितीतून पोती आणायची, आणि रविवारी सकाळी कचेरीच्या ओट्यावर तराजू लावायचा. डबे आणि पिशव्या घरच्या. वाचलेले पैसे वाटायचे नाहीत. ज्याच्या त्याच्या पानावर जमा. सध्या १४ घरे आहेत. चार महिन्यांनी दोन घरे सुटली, तीन नवीन आली. तेलाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सुटे तेल विकायला कायद्याची आडकाठी आहे, आणि पंधरा लिटरचा डबा फोडून वाटला तर तो कोणत्या कलमात बसतो हे मी विचारून घेतो आहे.

मावशी आता सत्तरीच्या पुढे आहेत. कांड्यांचे काम सुटले, दृष्टी मंदावली, पण तराजू त्यांच्याच हातात असतो. गेल्या खेपेला कोणीतरी म्हणाले की मीठ यादीत कशाला, ते कोठेही मिळते. त्या म्हणाल्या, "ल्ही बाबा, मीठबी ल्ही. मिठासाठी टपरीवर गेलं की तिथनं पुडी हातात घेऊनच माणूस परत येतंय." मी मीठ लिहिले. चौदा घरांना वीस किलो.